चाक नेमकें कोठें बसावें?

‘चाकोरी’ हा शब्द आपण आतां बहुधा निंदेच्या अर्थानें वापरतों. चाकोरीबाहेर पडेल तो पराक्रमी आणि चाकोरींत राहील तो मंद, असा कांहींसा समज होऊन बसला आहे. परंतु ज्या गाडीवाटेवरून हा शब्द आला, तिचा व्यवहार निराळा होता. डहाणूच्या वाड्यांमधून किंवा तलासरीकडील माळांवरून पावसाळ्यानंतर बैलगाड्या जाऊं लागल्या कीं चिखल वाळतां वाळतां वाटेवर दोन खोल रेघा पडत, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीचीं चाकें त्याच रेघांत बसावीं लागत. ज्या सुतारानें आपल्या गाडीचीं चाकें चार बोटें अधिक अंतरावर बसविलीं, त्याची गाडी एका चाकानें चाकोरींत आणि दुसऱ्यानें उंचवट्यावर अशी तिरपी चालावयाची, बैल थकावयाचे आणि आंस एका अंगानें झिजावयाचा. चाक गोल आहे, लांकूड कसदार आहे, लोखंडी धाव घट्ट आहे, एवढ्यानें भागत नसे. तें चाक कोठें बसलें आहे, हा प्रश्नहि तितकाच महत्त्वाचा असे.

बैलगाडी आतां क्वचितच दिसते. परंतु सुताराला पडणारा तो जुना प्रश्न मोटारीलाहि सुटलेला नाहीं. उलट अलीकडे तो घरोघरीं नव्या रूपानें उभा राहूं लागला आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी, दापचरी, तलासरी असा जात आच्छाडला महाराष्ट्राची हद्द ओलांडतो, आणि पुढें थोड्याच वेळांत वापी येतें. या वाटेवर एम.एच. ४८ आणि जी.जे. १५ अशा दोन्ही पाट्यांच्या मोटारींत मूळचीं चाकें काढून रुंद, चकचकीत, मडगार्डाच्या बाहेर डोकावणारीं चाकें लावलेल्या गाड्या हमखास आढळतात. घरांतील मुलगा नोकरीस लागतो, पहिली गाडी घेतो, आणि सहा महिन्यांच्या आंत तिचीं चाकें बदलण्याची भाषा बोलूं लागतो. वडील म्हणतात, ‘कारखान्यानें दिलेल्या चाकांत काय वाईट आहे?’ मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्हांला त्यांतलें कळत नाहीं.’ आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळदां तें दोघांनाहि कळत नसतें.

मुलाच्या हौसेला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. स्वतःच्या कमाईची वस्तु नटवावी असें तरुणपणीं कोणास वाटत नाहीं? वडिलांची भीतिहि निराधार नाहीं. परंतु या वादाचा निकाल हट्टानें किंवा अधिकारानें लागणारा नव्हे. तो चाकाच्या पाठीवर कोरलेल्या एका लहानशा आंकड्यानें लागतो. त्या आंकड्याला ‘ऑफसेट’ म्हणतात. त्याची ओळख करून घेणें हा या महिन्यांतील आपला विषय आहे.

भोकें जुळलीं म्हणजे चाक जुळलें नव्हे

दुकानांत नवें चाक गाडीला लावून पाहतात तेव्हां बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात: नट-बोल्टांचीं भोकें जुळतात कीं नाहीं, आणि चाक हातानें मोकळें फिरतें कीं नाहीं. हीं भोकें एका काल्पनिक वर्तुळावर पाडलेलीं असतात. मारुतीच्या स्विफ्टला १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार भोकें असतात, तर जिप्सी आणि जिम्नी या गाड्यांना १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पांच. भोकें जुळलीं कीं दुकानदार म्हणतो, ‘बसलें साहेब!’ परंतु पत्रिकेंतले गुण जुळले म्हणजे संसार जुळला असें आपण म्हणत नाहीं. तसेंच हें आहे. भोकें जुळणें ही केवळ पहिली पायरी होय.

ऑफसेट समजण्यासाठीं घरांतलाच एक दाखला घेऊं. भिंतींतून हातभर लांबीचा एक जाड ओंडका बाहेर आला आहे असें समजा. त्याच्या तोंडावर आपल्याला पत्र्याचें एक रुंद कडें बसवावयाचें आहे. म्हणजे तळ आणि झांकण दोन्ही कापून टाकलेला मोठा डबाच म्हणा. नुसतें कडें ठोकतां येणार नाहीं. म्हणून त्याच्या आंत एक गोल चकती आडवी जोडावी लागेल, आणि ती चकती ओंडक्याच्या तोंडावर खिळ्यांनीं पक्की करावी लागेल. ही चकती कड्याच्या अगदीं मधोमध जोडली, तर कड्याचा अर्धा भाग ओंडक्यावर चढेल आणि अर्धा बाहेर राहील. ती आपल्याकडील तोंडाजवळ जोडली, तर बहुतेक सारें कडें ओंडक्यावर चढून भिंतीकडे सरकेल. उलट ती भिंतीकडील तोंडाजवळ जोडली, तर कडें जवळजवळ सगळें बाहेर लोंबत राहील.

मोटारीच्या चाकाचें नेमकें हेंच आहे. कडें म्हणजे ज्यावर टायर चढवितात ती रिम, चकती म्हणजे चाकाचा आऱ्यांचा भाग, आणि ओंडका म्हणजे गाडीचा हब. रिमेच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा चकतीचा पृष्ठभाग, या दोहोंमधील अंतर म्हणजे ऑफसेट. हा पृष्ठभाग मध्यरेषेवरच असेल तर ऑफसेट शून्य. मध्यरेषेच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या अंगाला असेल तर धन. आणि गाडीच्या अंगाला असेल तर ऋण. नवशिक्याची येथें हटकून गल्लत होते, कारण आंकड्याची चाल उलटी आहे. ऑफसेट वाढला कीं चाक आंत जातें, ऑफसेट कमी झाला कीं चाक बाहेर येतें. एवढें एक वाक्य पाठ केलें तरी पुष्कळ काम झालें.

चाकाच्या आंतल्या अंगाला आऱ्यांच्या मागें बहुधा हा आंकडा कोरलेला सांपडतो. ‘१५ × ५.५ जे, ई.टी. ४५’ अशा धर्तीवर तो लिहिलेला असतो. पहिला आंकडा रिमेचा व्यास इंचांत सांगतो, दुसरा रुंदी इंचांत सांगतो, ‘जे’ हें अक्षर टायर बसण्याच्या कडेचा आकार दर्शवितें, आणि शेवटचा आंकडा मिलिमीटरांत ऑफसेट सांगतो. ‘ई.टी.’ हीं अक्षरें ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचीं आहेत; ‘दाबून बसविण्याची खोली’ असा त्याचा शब्दशः अर्थ.

प्रत्येक गाडीचा ऑफसेट निराळा कां असतो, असें कोणी विचारील. पूर्वीच्या जीप किंवा अँबेसेडरसारख्या गाड्यांत एंजिनाची शक्ति मागच्या चाकांना मिळे. १९८३ सालीं मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी मोटार मध्यमवर्गाच्या दारांत पोंचली. अशा गाडीचीं पुढचीं चाकें वळतातहि आणि ओढतातहि. त्यामुळें ब्रेक, सुकाणूचे सांधे आणि शक्ति आणणाऱ्या दांड्याचें टोक या साऱ्यांना चाकाच्या पोकळींतच जागा करून द्यावी लागते. म्हणून आजच्या लहान मोटारींचा ऑफसेट बराच मोठा, बहुधा ३५ ते ५० मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. तो आंकडा कोणा चित्रकारानें शोभेसाठीं ठरविलेला नसतो. चाकाशेजारीं राहणाऱ्या प्रत्येक अवयवाशीं बोलणीं करून तो ठरलेला असतो.

थोडें गणित

आतां प्रत्यक्ष उदाहरण करून पाहूं. समजा, गाडीचें मूळ चाक साडेपांच इंच रुंद असून त्याचा ऑफसेट ४५ आहे, आणि मुलानें पसंत केलेलें चाक ७ इंच रुंद असून त्याचा ऑफसेट ३५ आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तेव्हां जुन्या रिमेची अर्धी रुंदी ६९.८५ आणि नवीची ८८.९ मिलिमीटर झाली.

हबच्या तोंडापासून आंतली कड किती दूर आहे हें काढावयाचें, तर अर्ध्या रुंदींत ऑफसेट मिळवावयाचा. जुन्याची बेरीज ११४.८५, नव्याची १२३.९. म्हणजे नवें चाक आंतल्या बाजूस सुमारें ९ मिलिमीटर अधिक घुसेल. बाहेरची कड काढावयाची, तर अर्ध्या रुंदींतून ऑफसेट वजा करावयाचा. जुन्याची वजाबाकी २४.८५, नव्याची ५३.९. म्हणजे नवें चाक बाहेरच्या बाजूस सुमारें २९ मिलिमीटर अधिक येईल. ऑफसेटमध्यें फरक अवघा दहाचा दिसत होता. पण रुंदी वाढल्यामुळें एका अंगानें नऊ आणि दुसऱ्या अंगानें एकोणतीस असा त्याचा विस्तार झाला. आंत नऊ मिलिमीटर जागा आहे का, हें शॉक ॲब्सॉर्बरला विचारावयाचें. बाहेर एकोणतीस मिलिमीटर जागा आहे का, हें मडगार्डाला विचारावयाचें. दोघांनींहि होकार दिल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.

चाकावर आंकडा नसेल किंवा वाचतां येत नसेल, तर तो घरींहि काढतां येतो. चाक जुन्या चादरीवर तोंड खालीं करून ठेवावें. वर आलेल्या आंतल्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून तेथून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजावी. मग चाकाची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची एकूण रुंदी मोजून तिची निमपट करावी, आणि ती खोलींतून वजा करावी. उरेल तो ऑफसेट. एकूण रुंदी १६५ आणि खोली १२७.५ भरली, तर १२७.५ वजा ८२.५, म्हणजे ४५. येथें एक लक्षांत ठेवावें, कीं रिमेवर कोरलेली रुंदी टायर बसण्याच्या जागेची असते. कडा धरून मोजलेली रुंदी तिच्यापेक्षां सुमारें एक इंच अधिक भरते.

खुंटी आणि दार

‘बाहेर आलें तर आलें, दिसायला बरें दिसतें,’ असें म्हणणाऱ्यास आम्ही भिंतीवरील खुंटी दाखवूं. भाजीनें भरलेली पिशवी खुंटीच्या मुळाशीं अडकविली तर ती वर्षानुवर्षें तग धरते. तीच पिशवी रोज टोकाला अडकविली तर खुंटी सैल होते आणि भोंवतालचा गिलावा ढांसळूं लागतो. ओझें तेंच, पण तें जितकें दूर, तितकें मुळावर जड. मोटारीचा भार रस्त्यावर ज्या ठिकाणीं उतरतो तें ठिकाण चाकाबरोबर बाहेर सरकलें, म्हणजे हबमधील बेअरिंगांवर असाच जास्तीचा पीळ पडतो. बेअरिंग एका दिवसांत मोडत नाहीं. प्रथम ठराविक वेगाला घूं-घूं असा आवाज येऊं लागतो, पुढें तो वाढतो, आणि शेवटीं चाक हातानें हलविलें असतां खुळखुळतें. स्प्रिंगांनाहि हाच नियम लागू आहे. लांबलेल्या दांड्यामुळें त्या मूळच्यापेक्षां मऊ भासूं लागतात.

सुकाणूची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि तिच्यासाठीं दाराचा दाखला घ्यावा लागेल. दार बिजागरीजवळ ढकललें तर फारसें हलत नाहीं. कडेला बोट लावलें तरी फिरतें. सुकाणू फिरविलें असतां पुढचें चाकहि एका अदृश्य बिजागरीभोंवतीं फिरत असतें. ही बिजागरी किंचित् तिरपी असते. ती खालीं वाढवीत नेली तर जमिनीला ज्या बिंदूंत मिळेल, तो बिंदु आणि टायर जमिनीला टेकतो त्या ठिशाचा मध्य, यांमधील अंतर कारखान्यानें फार विचारपूर्वक ठरविलेलें असतें. तें लहान असलें म्हणजे खड्ड्याचा धक्का हातापर्यंत फारसा पोंचत नाहीं. १९७२ च्या ऑडी ८० या जर्मन मोटारींत तर तो बिंदु टायरच्या मध्याच्याहि बाहेर पडेल अशी योजना मुद्दाम केलेली होती. एका बाजूचा ब्रेक अधिक धरला, तरी चाकें आपोआप उलट दिशेनें किंचित् वळून गाडी सरळ राखावी, हा तिचा हेतु. पुढें हीच योजना अनेक कारखान्यांनीं उचलली.

आतां चारोटीहून गंजाड-आशागडमार्गे डहाणूकडे येणारा रस्ता श्रावणांतील सरींत डोळ्यांपुढें आणा. समोरून ट्रक येतो, आपण डावीकडे सरतों, डावीं चाकें डांबर सोडून ओल्या मुरुमावर उतरतात, आणि त्याच क्षणीं ब्रेक दाबावा लागतो. उजव्या चाकांना डांबराची पकड आहे, डाव्यांना नाहीं. मूळच्या चाकांवर ही गाडी बव्हंशीं सरळ थांबली असती. चाकें इंचभर बाहेर काढून आपण ती अदृश्य बिजागरी आणि टायर यांमधला हिशेब उलटा केला, तर तीच गाडी पकड असलेल्या बाजूकडे ओढ घेते आणि सुकाणू हातांतून हिसका देतें. म्हणजे उजवीकडे, ट्रकच्या बाजूला. हा क्षण वर्षांतून एकदांच येईल. परंतु तेवढ्याच क्षणासाठीं त्या जर्मन अभियंत्यांनीं एवढें गणित केलेलें होतें.

एका बाजूचें सांगून दुसरी दडवून ठेवणें बरें नव्हे. दोन चाकांमधील अंतर वाढल्यानें वळणावर गाडी थोडी अधिक स्थिर राहते, हें खरें आहे. दोनचार मिलिमीटरांनीं आभाळ कोसळत नाहीं, हेंहि खरें. मूळच्या ऑफसेटपासून पांच मिलिमीटरांच्या आंतबाहेर राहावें, असें या धंद्यांतील अनुभवी माणसें सामान्यतः सांगतात. भीति बाळगावयाची ती इंच-दोन इंचांच्या उडीची.

अशी उडी किती सहज घडते हें जिम्नीच्या उदाहरणावरून दिसेल. २०२३ सालीं ही गाडी आपल्याकडे विक्रीस आली, आणि डोंगरवाटांची आवड असणाऱ्यांनीं ती उचलून धरली. तिचें मूळचें ॲलॉयचें चाक साडेपांच इंच रुंद असून त्याचा ऑफसेट अवघा ५ आहे. बाजारांत याच भोकांचीं, ८ इंच रुंद आणि ऑफसेट उणे २० अशीं चाकें मिळतात. वरच्याच रीतीनें हिशेब केला तर आंतल्या अंगाला फरक जेमतेम ७ मिलिमीटर. म्हणून ‘कोठें लागत नाहीं साहेब’ हें दुकानदाराचें म्हणणें अक्षरशः खरें ठरतें. परंतु बाहेरच्या अंगाला तेंच चाक जवळजवळ ५७ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच पुढें आलेलें असतें. आणि तेंहि दोन्ही बाजूंनीं.

स्पेसरची पळवाट

चाकें न बदलतां तीं बाहेर काढण्याचा एक स्वस्त उपाय म्हणून हब आणि चाक यांच्यामध्यें धातूची जाड चकती घालतात. तिला स्पेसर म्हणतात. २० मिलिमीटरांचा स्पेसर घातला कीं ४५ चा ऑफसेट २५ झाला. वर सांगितलेले सारे परिणाम येथेंहि लागू. शिवाय दोन नवीं संकटें येतात. बोल्ट तेवढेच लांब राहिले तर नट पुरेसे आटे धरीत नाहीं. आणि हबच्या मध्याचा जो उंचवटा चाकाला बरोबर केंद्रांत धरून ठेवतो, तो स्पेसरखालीं झांकला जातो.

या केंद्राकडे बाजारांतल्या चाकांतहि दुर्लक्ष होतें. स्विफ्टच्या मूळ चाकाचें मधलें भोंक ५४.१ मिलिमीटरांचें आहे. पुष्कळ गाड्यांना चालावें म्हणून बाजारांतील अनेक चाकांना तें ७३.१ मिलिमीटरांचें ठेवलेलें असतें. मधली फट भरण्यासाठीं योग्य मापाचें कडें घालावें लागतें. तें घातलें नाहीं तर चाक केवळ बोल्टांच्या आधारावर राहतें, आणि महामार्गावर वेग वाढला कीं सुकाणू थरथरूं लागतें. मग आपण उगाच रस्त्याला दोष देतों.

खर्च कोणाचा?

कायद्याचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपुस्तकांतील तपशील निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकाला करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं दिलेल्या निकालांत हेंच बजावलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें कायद्यांत आलेल्या १८२-अ कलमांत, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळें आच्छाडच्या अलीकडे जें गैर, तें वापीलाहि गैरच. विम्याच्या कंपनीला न कळवितां केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊं शकतो, हें घरच्या कर्त्या माणसानें विशेष ध्यानांत ठेवावें.

परंतु आम्हांला कायद्याहून दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मडगार्ड हें नांवाप्रमाणें चिखल अडविण्यासाठीं असतें. टायर त्याच्या बाहेर आला म्हणजे चाकानें उचललेला चिखल, पाणी आणि खडा थेट कडेला उडतो. तेथें कोण असतें? बाजाराला भाजी घेऊन चाललेली बाई असते, शाळेंतून परतणारीं पोरें असतात, कामावरून सायकलीनें घरीं जाणारा मजूर असतो. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हां तर महामार्गाच्या कडेनें माणसांची रीघ लागलेली असते. गाडींत बसलेल्याला खडा उडाल्याचा आवाजहि ऐकूं येत नाहीं. शोभा आपली, आणि तिचा खर्च मात्र पायीं चालणाऱ्याच्या डोळ्याला, असा हा सौदा आहे. सुसंस्कृत घरानें तो करूं नये.

चाकें बदलावयाचींच असतील तर

आमच्या मतें वडिलांनीं नुसतें ‘नाहीं’ म्हणूं नये, आणि मुलानें नुसतें ‘पाहिजेत’ म्हणूं नये. दोघांनीं मिळून एका रविवारीं मूळचें चाक उतरवावें, त्यामागील आंकडे एका कागदावर लिहावे, आणि तो कागद घेऊनच दुकानांत जावें. भोकांचें वर्तुळ, मधलें भोंक, रुंदी आणि ऑफसेट या चारहि गोष्टी विचाराव्या. चाकावर तें किती भार सोसूं शकतें याचा आंकडा कोरलेला असावा. जपानी बनावटीच्या मानाचीं ‘जे.डब्ल्यू.एल.’ हीं अक्षरें किंवा आपल्याकडील मानकाची खूण नसेल, तर चाक कितीहि देखणें असलें तरी मागें ठेवावें. रिम बदलली तरी टायरची एकूण उंची मूळच्याइतकीच राहील असें पाहावें. नाहीं तर वेगाचा कांटा खोटें सांगूं लागतो.

पैसे देण्यापूर्वीं एक चाक पुढें आणि एक मागें लावून पाहावें. सुकाणू दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवावें. घरचीं पांच माणसें आंत बसवून गाडी एखाद्या उंचवट्यावरून हळू न्यावी, आणि टायर कोठें घांसतो का हें खालीं वाकून पाहावें. रिकामी गाडी दुकानासमोर उभी असतांना सारींच चाकें बसतात.

बसवितांना नट तिरप्या तोंडाचे कीं गोल तोंडाचे, हें नव्या चाकाशीं जुळवून घ्यावें. ते समोरासमोर आळीपाळीनें आंवळावे, आणि शेवटचा पीळ गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापानें, माप दाखविणाऱ्या पान्यानें द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हां एकदां तपासावे. हें न केल्यामुळें नट सैल होतात. डहाणू, बोर्डी, घोलवड या किनाऱ्याच्या गांवीं खाऱ्या हवेनें ॲल्युमिनियमचें चाक लोखंडी हबला चिकटून बसतें, आणि भर रस्त्यांत पंक्चर झालें असतां निघतां निघत नाहीं. म्हणून वर्षांतून एकदां चाकें उतरवून तो पृष्ठभाग तारेच्या ब्रशानें साफ करावा, आणि मध्याच्या उंचवट्यावर वंगणाचा पुसट हात द्यावा. बोल्टाच्या आट्यांना मात्र वंगण लावूं नये. तेल लागलेला नट मापाच्या पान्याला फसवितो आणि प्रमाणाबाहेर आंवळला जातो.

आपल्या घरांत गणिताला तोटा नसतो. दहावीच्या मुलाकडून अपूर्णांक घोटून घेणारी आई आणि बँकेचा हिशेब पैपर्यंत जुळविणारे वडील, दोघांनाहि वरची बेरीज-वजाबाकी क्षुल्लक आहे. हाताला काळें लागण्याचा संकोच मात्र अजून पुरता गेलेला नाहीं. त्यामुळें गणित घरांत राहतें, पाना मिस्त्रीच्या हातांत राहतो, आणि दोहोंची गांठ पडत नाहीं. मिस्त्रीला हातांची किमया ठाऊक असते. त्याच्यापुढें कागदावर मांडलेले चार आंकडे ठेवले, तर तो त्यांचा मानच राखतो. चाक आंत किती आणि बाहेर किती, हें एकदां दोघांच्या समजुतीनें ठरलें, म्हणजे हौसहि होते आणि रात्रीं मुलगा महामार्गावरून परतेपर्यंत आईला दाराशीं ताटकळत उभें राहावें लागत नाहीं.

रिमेच्या आंकड्यांप्रमाणेंच टायरच्या कुशीवरहि बरेच आंकडे असतात, आणि त्यांतील चार आंकडी एक खूण तो टायर कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यांत तयार झाला हें सांगते. त्यांविषयीं पुढील अंकीं.